वेळेवर आलेला हुंकार

स्वतः लिहिलेल्या नियमांत स्वतःच अडकायची वेळ हेमांगी नलावडेवर आली, तो मंगळवार होता. त्या दिवशी सकाळपासून सगळं इतकं सुरळीत चाललं होतं की तिला तेव्हाच संशय यायला हवा होता.

'अर्थवेल' ही पुण्यात बाणेरला असलेली शेअर दलालीची ऑनलाइन कंपनी. दलाली म्हटलं की जुन्या माणसांच्या डोळ्यांपुढे हात उंचावून ओरडणारी गर्दी येते. इथं ओरडायला कुणी नव्हतंच. लाखो ग्राहक आपापल्या फोनवरून शेअर घेत, विकत, आणि तिसऱ्या मजल्यावरची पन्नासेक माणसं ते व्यवहार नीट पार पडताहेत ना एवढंच बघत. त्या माणसांवर हेमांगी. ऑपरेशन्स आणि कम्प्लायन्स, दोन्ही तिच्याकडे. म्हणजे सकाळी ग्राहकांचे शेअर त्यांच्या खात्यात पोचले का हे बघायचं आणि उरलेला दिवस कुणी कायदा मोडत नाही ना यावर डोळ्यांत तेल घालून पहारा करायचा. माघारी तिला सगळे 'हेडबाई' म्हणत. तिला ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं. शेवटी ती मिरजेच्या नलावडे बाईंची लेक होती, आणि नलावडे बाईंनी कन्याशाळेत भूगोल शिकवता शिकवता तीन पिढ्यांना धाकात ठेवलं होतं.

दुपारी तिच्या स्क्रीनवर लाल पट्टी आली. 'कानोसा'कडून.

कानोसा हे यंत्र म्हणजे गेल्या दोन वर्षांतल्या नव्या कायद्याचं अपत्य. कंपन्यांच्या आतल्या बातम्या ज्यांना आधी कळतात, अशा प्रत्येकाचे फोन आता यंत्रानं ऐकायचे असा कायदा झाला होता. ऐकणारा माणूस नव्हता, त्यामुळे लोकांनी फारशी कुरकुर न करता सह्या करून दिल्या. पहिली सही हेमांगीची. यंत्र एकीकडे फोन ऐके, दुसरीकडे ग्राहकांचे व्यवहार बघे, आणि दोन्हींत कुठं धागा दिसला की लाल पट्टी पाठवी. पट्टी उघडली की ती दुसऱ्याकडे ढकलता येत नसे. हाही हेमांगीचाच नियम, कारण पूर्वी लोक अशा कटकटी एकमेकांच्या ताटात वाढून मोकळे होत.

तिनं पट्टी उघडली. ग्राहकाचं नाव: कुमुदिनी वसंत नलावडे, मिरज. बातमीचा संशयित उगम: हेमांगी वसंत नलावडे.

आधी तिला हसू आलं. कुणीतरी चाचणीसाठी खोटी नावं भरली असणार. मग तिनं खाते क्रमांक पाहिला आणि तो पुन्हा एकदा वाचला. तो क्रमांक तिनंच आईला पाठ करून दिला होता.

आईला हा नाद निवृत्तीनंतर लागला. मिरजेत एका जुन्या दलालाच्या ऑफिसात भिंतीला लागून एक लांब बाक होता. त्यावर चार-पाच निवृत्त पुरुष दिवसभर बसून भाव बघत, आणि त्यांच्यात एकटी बाई म्हणून आई. चहा स्वतःच्या पैशानं पिई, सल्ला कुणाचा घेत नसे, आणि बाकावरच्या सगळ्यांपेक्षा तिचं बरं चाललं होतं. हेमांगी 'अर्थवेल'मध्ये लागली तेव्हा नियम आडवा आला. दलाली कंपनीत काम करणाऱ्याच्या जवळच्या नातेवाइकांनी त्याच कंपनीतून व्यवहार करायचे. हेमांगीनं स्वतः मिरजेला जाऊन आईचं खातं इकडं आणलं, तिच्या हातात फोन दिला, कुठं दाबायचं ते शिकवलं.

"बाकावरनं उठवलंस मला," आई म्हणाली होती. "आता बोलू कुणाशी?"

"माझ्याशी बोल," हेमांगी म्हणाली होती.

तेव्हापासून रोज संध्याकाळी फोन. आई आपल्याकडच्या शेअरची नावं एकेक करून सांगे. हा चढला, तो पडला, त्याच्या मालकाला अक्कल नाही. आणि हेमांगी भाजी चिरता चिरता, कपडे वाळत घालता घालता नुसती 'हं' म्हणे. लहानपणी आई गोष्ट सांगायची तेव्हाही ती असाच हुंकार द्यायची. लग्न केलं नाही, पुण्यात एकटी राहिली, त्या घरात दिवसातून एकदा तरी कुणाचा आवाज घुमायचा तो आईचाच.

कानोशाला जे सापडलं होतं ते त्या 'हं'मध्ये.

*

कानोसा बांधणारा इरफान मुजावर हा मूळचा मिरजेचाच. त्याची थोरली बहीण नलावडे बाईंची विद्यार्थिनी. तो खुर्ची ओढून बसला, पण हेमांगीकडे बघेना.

"काहीतरी चुकलंय, इरफान. मी आईला ऑफिसचा एक शब्द सांगत नाही."

"माहितीय मॅडम. यंत्र पण तेच म्हणतंय. शब्द नाहीतच यात."

"मग?"

त्यानं स्क्रीनवर एक रेघ काढली. "दोन माणसं बोलतात ना, तेव्हा एकाचं संपलं की दुसरा किती वेळानं बोलतो? सेकंदाचा पाचवा भाग. विचार करायलासुद्धा एवढा वेळ पुरत नाही. मेंदू आधीच उत्तर तयार ठेवतो, समोरच्याचं संपायची वाट बघत. आता समजा, तुम्हाला एखादी गोष्ट माहितीय आणि ती सांगायची नाहीय. मग मेंदू आयत्या वेळी ब्रेक लावतो. उत्तर एवढंसं उशिरा येतं. सूरही थोडा खाली बसतो. तुम्हाला ते जाणवत नाही. ऐकणाऱ्यालाही जाणवत नाही. पण त्याच्या मेंदूनं ते टिपलेलं असतं, आणि पुढचा निर्णय तिकडं कलतो. प्रयोगशाळेत शेकडो माणसांवर बघितलंय. निर्णय कलतो, आणि माणसं त्याला भलतंच कारण देतात."

हेमांगीला आठवलं. मागं एका औषध कंपनीचे शेअर आईनं अचानक विकले होते. का, तर म्हणे त्यांच्या नव्या जाहिरातीतली बाई उद्धट दिसते. त्या कंपनीचं खातं गोठणार हे हेमांगीला दोन दिवस आधी कळलेलं होतं. तेव्हा ती आईवर हसली होती.

इरफाननं दोन आवाज ऐकवले. हं. हं.

"सारखेच आहेत," ती म्हणाली.

"परत ऐका."

हं. हं. तिनं डोळे मिटून ऐकलं. काडीचा फरक नव्हता.

"पहिला नेहमीचा. दुसरा त्या औषध कंपनीच्या नावानंतरचा. असं बारा वेळा झालंय मॅडम, आणि बाराही वेळा बाईंनी दुसऱ्या दिवशी विकलेत." त्यानं पहिल्यांदाच तिच्याकडे पाहिलं. "आम्ही हे सौदे करणाऱ्या डीलर लोकांसाठी बांधलं होतं. खोटं बोलताना सापडतील म्हटलं. आई-मुलीच्या हुंकाराचं आमच्या डोक्यातसुद्धा नव्हतं."

"तिला काहीच माहीत नाही, इरफान."

"नाही. पण कायद्यात 'कोणत्याही मार्गानं' असे शब्द आहेत."

पुढचं त्यानं सांगायची गरज नव्हती, पुढचे नियम तिचेच होते. पट्टी उघडली की महिनाभर, किंवा पुढची मोठी बातमी फुटेपर्यंत, निरीक्षण. निरीक्षणाखालच्या माणसाला त्याची कुणकुण लागू द्यायची नाही. त्याच्याभोवतीच्यांनी वागणं बदलायचं नाही. या काळात आणखी एकदा धागा जुळला की कागद कुणाच्याही सहीशिवाय थेट बाजारावर देखरेख करणाऱ्या सरकारी नियामकाकडे. मग खातं गोठणार, नाव जाहीर होणार, मुंबईला सुनावण्या. मिरजेत नलावडे बाईंचं नाव पेपरात येणार, शेअर बाजारात लबाडी केली म्हणून.

फोन बंद करावा, तर ती कुणकुण. आईला सावध करावं, तर तो गुन्हा. आणि संध्याकाळी फोन घ्यायचा, तर पुन्हा 'हं' म्हणायचं. हेमांगीनं तीनही दारं चाचपून पाहिली. तिन्हींना कुलूप तिनंच घातलेलं होतं.

*

"जेवलीस का?" आईनं विचारलं.

"आत्ताशी सात वाजतायत आई."

"मग काय झालं? तू काय वेळेवर जेवणारी बाई आहेस? बरं, ऐक." आणि आईनं सुरुवात केली. सिमेंट. "हं." ती नवीन बॅटरीवाली. "हं." दुधाची कंपनी. "हं."

हेमांगी स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी होती. चिरायला घेतलेली दोडकी तशीच पडली होती. आजवर हजारदा सहज आलेलं ते 'हं' आता दर वेळी तिला मोजून काढावं लागत होतं. लवकर आलं का? उशीर झाला का? मघाचं वर गेलं, आता खाली आणू का?

"काय गं, बरं नाही का तुला?" आई मधेच थांबली.

"बरी आहे की."

"मग अशी तोलूनमापून काय हुंकार देतीस? पेपर तपासायला बसल्यासारखी."

"दमलेय गं जरा."

"मग ठेवू का?"

"नको!" हेमांगी इतक्या जोरात म्हणाली की तिचीच ती दचकली. "म्हणजे... वाच ना पुढं."

आईनं पुढं वाचलं. शेवटी नेहमीसारखं कृष्णाकाठ फूड्सचं नाव घेतलं. निवृत्तीच्या पैशातून घेतलेला हा तिचा पहिला शेअर. कंपनी जवळची, पलूसच्या बाजूची. दरवर्षी आई कंपनीच्या सभेला एसटीनं जाई, माइक हातात घेई, आणि कारखान्याचं पाणी नदीत का सोडता असा एकच प्रश्न दरवर्षी विचारी. अध्यक्ष तिला पाहिलं की पाण्याचा ग्लास तोंडाला लावत. तिची बहुतेक पुंजी त्याच एका कंपनीत होती. कितीदा सांगितलं, तरी ती ते शेअर कमी करत नव्हती.

"हं," हेमांगी म्हणाली. यावेळी ते खरंखुरं आलं, कारण कृष्णाकाठबद्दल तिला काहीच ठाऊक नव्हतं.

ते तिला गुरुवारी कळलं.

*

कृष्णाकाठच्या मालकांनी आपले जवळजवळ सगळे शेअर सावकारी कंपन्यांकडे तारण ठेवले होते, तेही एकच शेअर दोन-दोन ठिकाणी. ते उघडकीला आलं होतं. सोमवारी दुपारी तारण शेअर विकायला काढायचे आणि त्यानंतर व्यवहार थांबवायचे, अशी गोपनीय सूचना ऑपरेशन्सप्रमुख म्हणून हेमांगीच्या हातात आली. तयारीसाठी. त्या सूचनेचा अर्थ तिला पहिल्या ओळीतच कळला. सोमवारनंतर कृष्णाकाठच्या शेअरला कुत्रंही विचारणार नव्हतं.

ती तडक साकेत दिवाणच्या केबिनमध्ये गेली. दिवाण कंपनीचा मालक, तिच्यापेक्षा आठ वर्षांनी लहान, वागायला मोकळा.

"मला यातून बाजूला करा," ती म्हणाली. "ही पट्टी दुसऱ्या कुणाकडे तरी द्या."

"अधिकारी बदलला की ग्राहकाला पत्र जातं हेमांगी. पारदर्शकता म्हणून तूच घातलंयस ते. पत्र गेलं की आईंना कळलं."

"मग आत्ताच्या आत्ता नियामकाला कळवा. मी लिहून देते, चूक माझी आहे."

"लिहून दे. त्यांचं खातं आजच गोठेल. कृष्णाकाठसकट." त्याला सूचनेचं ठाऊक होतं. तो खुर्ची पुढं सरकवून बसला. "हे बघ, मी काही राक्षस नाही. आईंना चांगला वकील देईन, कंपनीच्या खर्चानं. पण जरा माझ्या जागी बसून बघ. दोन्हीकडं प्रामाणिक माणसं, मध्ये एक शब्द नाही, आणि तरी बातमी गळते. असा स्वच्छ पुरावा जगात कुणाकडं नाही. सोमवारी तो पुरा झाला, तर उद्या देशातल्या प्रत्येक दलालाला कानोसा घ्यावा लागेल."

"ती माझी आई आहे, दिवाण."

"म्हणून तर," तो म्हणाला. त्याला आपण काय बोललो ते बहुधा कळलंच नाही.

जिन्यावर इरफान तिची वाट बघत होता. आजूबाजूला कुणी नाही असं पाहून तो हळूच म्हणाला, "मॅडम, गळती थांबवणं हे अधिकाऱ्याचं कर्तव्य आहे, असंही कलम आहे. तुमचंच."

"मग?"

"हुंकाराची तालीम करता येते."

हेमांगी रेलिंगला धरून उभी राहिली. तालीम जमली आणि 'हं' वेळेवर आलं, तर आई सुटणार. नाव स्वच्छ, खातं शाबूत. पण मग कृष्णाकाठ तिच्याकडंच राहणार आणि सोमवारी बुडणार. 'हं' उशिरा आलं, तर आई विकणार, पैसे वाचणार, आणि सत्तरी ओलांडलेली नलावडे बाई लबाड ठरणार. कुठलं 'हं' मायेचं आणि कुठलं दगाबाजीचं, हे तिला त्या जिन्यावर उभं राहून ठरवता येईना. मग तिनं आईचा विचार केला. आईला पैसे गेल्याचं दुःख झालं असतं. पण बाजारात कुणी लबाड म्हटलं असतं, तर ती पुन्हा घराच्या दारातही उभी राहिली नसती.

"चल," ती म्हणाली.

*

तालमीची खोली म्हणजे एक आवाजबंद खोका. कानाला हेडफोन, समोर एक दिवा. हेडफोनात आईचे जुने फोन. आई नाव घेणार, हेमांगी हं म्हणणार, आणि वेळ व सूर बरोबर बसला तर दिवा हिरवा होणार.

पहिला तासभर दिवा लालच. तिसऱ्याच नावाला आई रेकॉर्डिंगमध्ये खोकली आणि हेमांगीनं नकळत "औषध घेतलंस का?" विचारलं. काचेपलीकडे इरफाननं मान खाली घातली.

"मॅडम," तो आत येऊन म्हणाला, "तुम्ही ऐकताय."

"ऐकू नको तर काय करू?"

"तेच चुकतंय. नाव कानावर पडलं, ते तुम्ही मनात घेतलं, की ब्रेक लागतोच. आई काय सांगतायत ते ऐकायचंच नाही. वाक्याचा सूर खाली आला की हं. बाकी डोकं रिकामं."

म्हणजे आईचं बोलणं ऐकायचं थांबवायचं, एवढंच शिकायचं होतं. तेवढंच तिला जमेना. मग तिनं आईच्या आवाजाचा नुसता चढ-उतार धरायला सुरुवात केली, शब्द गळू दिले. शाळेतला प्रसंग सांगताना आई हसली, ते हसणंही तिनं जाऊ दिलं. दिवा हिरवा झाला. पुन्हा हिरवा. त्या संध्याकाळी आई एका लग्नाला गेलेली होती, म्हणून फोनाची वेळ टळली. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत दिवा ओळीनं हिरवा राहू लागला. या तालमीत तिचा कानही तयार झाला. मंगळवारी सारखे वाटलेले ते दोन हुंकार इरफाननं पुन्हा ऐकवले, तेव्हा दुसऱ्यातला उशीर तिला स्वच्छ ऐकू आला.

"जमलं की," इरफान म्हणाला. त्याच्या तोंडावर आनंद नव्हता.

शुक्रवारी संध्याकाळी फोन वाजला. हेमांगी आज पलंगावर बसली होती, हातात काही काम न घेता.

"सिमेंट जरा सावरलं आज."

"हं."

"बॅटरीवाल्यांचं काही खरं नाही."

"हं."

"दुधाचं आहे तिथंच आहे."

"हं."

"आणि आपलं कृष्णाकाठ चार पैसे चढलंय बघ."

"हं."

वेळेवर. सुरात. स्वच्छ. 

"हेमा?"

"हं?"

"काही नाही. ठेवते. जेव वेळेवर."

फोन ठेवल्यावर हेमांगीच्या लक्षात आलं, आई काय बोलली यातलं एक अक्षर तिच्या कानात उरलं नव्हतं.

*

शनिवार-रविवारी बाजार बंद, त्यामुळे फोनवर नावं निघाली नाहीत. सोमवारी बाजार उघडला तेव्हा तिनं आईचं खातं स्क्रीनवर लावलं होतं. ऑपरेशन्सच्या स्क्रीनवर ग्राहकांच्या पाठवलेल्या ऑर्डर तर दिसतातच, पण भरून ठेवलेल्या, न पाठवलेल्याही दिसतात. साडेनऊच्या सुमाराला आईच्या खात्यात हालचाल झाली. कृष्णाकाठ फूड्स. विक्री. सगळेच्या सगळे.

हेमांगीचा जीव टांगणीला लागला. ऑर्डर भरलेली होती. फक्त बोट टेकवायचं बाकी होतं. पाठव, असं तिच्या मनात आलं. आणि लगेच, नको, नको पाठवू. ऑर्डर तशीच होती. मिरजेत त्या घरात आई चष्मा कपाळावर चढवून फोनकडं बघत बसली असणार. मग ऑर्डर पुसली गेली.

दुपारी बातमी फुटली. कृष्णाकाठ कोसळला, खरेदीदारच उरला नाही, आणि व्यवहार थांबले. 'अर्थवेल'मधले व्यवहार थांबवायची कळ ऑपरेशन्सप्रमुखानं दाबायची असते. ती हेमांगीनं दाबली.

लाल पट्टी आपोआप हिरवी झाली. 'संबंध सिद्ध होत नाही. निरीक्षण समाप्त.' खाली नेहमीचीच ओळ होती: ग्राहकाला निरीक्षणाची कल्पना असल्याचं यापुढे कधीही लक्षात आल्यास प्रमुखानं चोवीस तासांत कळवावं. आणि निरीक्षणाची वाच्यता सात वर्षं करू नये. दिवाण दारात येऊन म्हणाला, "चला, आई सुटल्या," आणि तोंड पाडून निघून गेला.

भरवसा ठेवला तिनं माझ्या हुंकारावर, हेमांगीच्या मनात येत राहिलं. बोट टेकवणार होती, पण लेक काही बोलली नाही म्हणून थांबली. मी आईला बुडवलं.

संध्याकाळी फोन करायचं तिला धाडस होईना. आईनंच केला.

"आई, कृष्णाकाठचं वाचलं मी."

"गेलं की. सगळंच गेलं." आवाज ठीक होता, जरा जास्तच ठीक. "आता सभापण व्हायची नाही. चहा चांगला असायचा बघ त्यांचा, वेलदोडा घातलेला."

"सकाळी... काही करता आलं नसतं का गं?"

"राहून गेलं. जाऊ दे. पेन्शन आहे माझी, उपाशी नाही मरत. आज मी नावं वाचणार नाही. कंटाळा आला त्याचा. तूच सांग काहीतरी. मी हं म्हणते."

"मी काय सांगू?"

"काहीही. दिवसभर काय केलंस ते सांग."

मग हेमांगीनं सांगायला सुरुवात केली. कँटीनमध्ये नवीन आचारी आलाय, उपम्यात साखर घालतो. "हं." लिफ्ट बंद पडली आणि दिवाण त्यात अडकला. "हं." शेजारच्या बाईंनी कुत्रं आणलंय, ते फक्त कानडी समजतं. "हं," आणि पाठोपाठ हसू. आईचे हुंकार जिथल्या तिथे पडत होते, ऊबदार, ऐकणारे. दोन दिवस तालीम केलेला हेमांगीचा कान त्यातला प्रत्येक हुंकार नकळत मोजत होता, आणि किती दिवसांनी तिला जरा हलकं वाटत होतं.

"बाकी ऑफिसात सगळं ठीक आहे," ती बोलता बोलता म्हणाली. "माझ्यामागं कसली कटकट नाही आई. कुणी काही विचारत नाही."

पलीकडून काही आलं नाही.

मग आलं. "हं."

उशिरा. सूर खाली बसलेला. हे ओळखायला तिला यंत्र लागलं नाही.

 आईला माहीत होतं. शुक्रवारपासून माहीत होतं. आयुष्यभर कान देऊन ऐकणारी पोर एका संध्याकाळी अचानक ऐकेनाशी होते, तेव्हा तिला दुसरं कुणीतरी ऐकत असतं, एवढं आईला त्या चार कोऱ्या हुंकारांतच कळलं होतं. बाजारात इतकी वर्षं काढलेली बाई. पोर लपवतेय ते जिथं आपली सगळी पुंजी आहे त्याबद्दलच असणार, म्हणून सोमवारी तिनं ऑर्डर भरली, सगळेच्या सगळे शेअर, आणि मग आपण विकले तर पोरीच्या गळ्याला फास लागेल हे ओळखून बोट मागं घेतलं. भरवशानं नव्हे. समजून उमजून ती बुडाली होती.

तिला ओरडून विचारायचं होतं, असं का केलंस गं? मिरजेची गाडी पकडून आईच्या मांडीवर डोकं ठेवायचं होतं. पण हा फोनही कानोसा ऐकत होता, आणि एक वेडावाकडा शब्द पुरे होता. आईला कळलंय हे आता तिला कळलं होतं. तिच्याच नियमाप्रमाणे उद्या सकाळी ते तिनं कळवायला हवं. ती कळवणार नव्हती. नोकरीतला तिचा पहिला खोटेपणा, आणि तो सात वर्षं रोज संध्याकाळी सांभाळायचा होता. दोघींनी मिळून, एकमेकींशी एक अक्षर न बोलता.

"मग?" आई म्हणाली. "थांबलीस का?"

"कुठं थांबले," हेमांगी म्हणाली. "तर ते कुत्रं आहे ना..."

ती पुढं सांगू लागली. डोळ्यांतलं पाणी हनुवटीवरून गळत होतं, पण आवाज त्या खोलीत शिकलेला होता, सरळ आणि सपाट. पलीकडून हुंकार येत होते, तेही आता एकसारखे, वेळेवर. शिकायला आईला एक संध्याकाळही लागली नव्हती.

यंत्राला त्या फोनमध्ये काहीच वावगं सापडलं नाही.